कंपाउंडरचे आवळे

माझा घरमालक माणसाचा ओठ उचलून हिरड्या पाहायचा. ओळख असो वा नसो. मूल गावच्या आठवडी बाजारात बाकीचे लोक बैलांचे दात पाहत आणि हा बैल विकायला आलेल्यांचे. नाकाखाली दोन बोटांची चिमूट, ओठ वर, "हालू नको, हालू नको," आणि समोरचा माणूस अंगावर धावून येईपर्यंत याचं पाहून झालेलं असायचं. हिरडीच्या काठाला निळसर रेघ दिसली की याचा चेहरा खुलायचा. रेघ नसली की हिरमुसून पुढच्या माणसाकडे वळायचा. लोकांच्या अंगात विष नाही याचं इतकं मनापासून वाईट वाटणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

तो सरकारी दवाखान्यातला निवृत्त कंपाउंडर. कोणी डॉक्टर म्हटलं तर तो दुरुस्ती करत नसे. कंपाउंडर म्हटलं तर त्याला ऐकू येत नसे. म्हणून सगळे त्याला 'भाऊ' म्हणत, म्हणजे कोणाचीच अडचण नाही. मी शाळेत नवाच मास्तर म्हणून लागलो होतो आणि बायकोला घेऊन त्याच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत राहायला आलो होतो. खोल्या देताना त्यानं माझा पगार विचारला नाही, जातही विचारली नाही. त्या काळच्या मानानं हे अद्भुतच होतं. एवढंच विचारलं, "मास्तर, आंबट चालते का तुमाले?"

मी चालतं म्हणालो. खोल्या हव्या होत्या, मी काहीही म्हणालो असतो. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी हा दारात हजर, हातात हिरवागार आवळा. मी तो चावून गिळेपर्यंत हलायचा नाही. "लग्न नवं हाये तुमचं," तो माझ्या बायकोच्या देखत मोठ्यानं म्हणायचा, "आताच सांभाळाव लागते. मंग पस्तावून काई होत नाई." माझी बायको तोंडावर पदर घेऊन आत पळायची. आवळ्याचा हंगाम संपला तेव्हा मला वाटलं, सुटलो. पण त्याच्याकडे वाळवलेल्या आवळ्यांचं एक पोतं भरलेलं होतं.

त्याचा सिद्धांत असा होता. शिसं आणि पारा माणसाच्या अंगात कळत नकळत शिरतात. कोणाच्या हातातून, कोणाच्या तोंडातून. एकदा शिरले की हिरडीवर रेघ उमटते आणि आतून गंज चढतो. आणि पुरुषाला हा गंज सगळ्यात आधी कुठे चढतो, हे तो हातानं दाखवून सांगायचा. बाजारात, मोटारस्टँडवर, एकदा तर आमच्या शाळेच्या झेंडावंदनाला. यावर उपाय आंबट. आवळा, पेरू, बोरं, अंबाडी, चिंच, सोबत शेवग्याचा पाला आणि कच्चा कांदा. सगळी सृष्टी त्यानं 'गंज आणते' आणि 'गंज काढते' अशा दोन भागांत वाटून टाकली होती. त्याच्याकडे जेवायला गेलं की दात इतके आंबायचे की शेवटी शेवटी भातसुद्धा चावता यायचा नाही.

पुराव्यादाखल ओट्यावर एक काळा पडलेला पितळी लोटा असायचा. आल्यागेल्यासमोर तो चिंचेच्या कोळानं अर्धा घासायचा आणि विचारायचा, "हे काळं कोण? तू. आनं हे चकचकीत? आवळा खाणारा तू." आलेला माणूस पत्र द्यायला आलेला पोस्टमन असायचा. त्याला दोन्ही बाजू सारख्याच परक्या. त्याच्या बायकोची, म्हणजे आमच्या घरमालकीणबाईंची तक्रार वेगळीच होती. प्रयोग पटावा म्हणून तो भांडं अर्ध्यावरच सोडायचा. त्यामुळे घरातलं एकूणएक भांडं अर्धं काळं, अर्धं लखलखीत. बाई म्हणायच्या, "पूरं घासाची मनाई हाये मले. पुरावा जाते म्हणते."

गावाला त्याचा राग होता तो आंबटपणाचा नव्हता. राग होता तो दोष पुरुषात असू शकतो, असं म्हणण्याचा. मूल होत नाही या विषयात गावाचं पक्कं एकमत होतं: बाईत खोट. ती गेली की दुसरी बाई आणायची. तिलाही झालं नाही तर देवाचा कोप. पुरुष हा या सगळ्याची तपासणी करणारा साहेब. साहेबाची तपासणी कोण करणार? आणि हा तर बाजारात उभा राहून साहेबाचा ओठ उचलत होता.

एकदा त्यानं मारुतीच्या पुजाऱ्यालाच धरलं. शेंदूर म्हणजे शिशाचीच भुकटी, आणि तू तेलात कालवून रोज हातानं देवाला फासतोस, त्याच हातानं जेवतोस, तर तुझं कसं होणार? पुजाऱ्यानं आपली सातही मुलं हाका मारून देवळासमोर उभी केली. धाकटं कडेवर होतं. गाव पोट धरून हसलं. कंपाउंडरनं मुलांकडे पाहिलं, पुजाऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "लिंबं कोण खाते रे देवापुढचे?" पुजारी म्हणाला, मीच खातो. "मंग!" कंपाउंडर म्हणाला आणि विजयी मुद्रेनं निघून गेला. असल्या माणसाला हरवायचं कसं? तो हरला आहे हे त्याच्याशिवाय सगळ्यांना कळायचं.

त्याला स्वतःला मूलबाळ नव्हतं. गावात त्यावर अर्थातच विनोद होते आणि ते त्याच्या पाठीमागे सांगण्याची तसदी कोणी घेत नसे. तो शांतपणे सांगायचा की दवाखान्यात उभी नोकरी त्यानं पाऱ्याचं मलम खलण्यात घालवली, उघड्या हातानं. तेव्हा त्याला कोणी आवळा दिला नाही. त्याची बोटं थरथरताना पाहून एका मोठ्या साहेबानं त्याला हे सगळं समजावलं होतं म्हणे. साहेब काय म्हणाले ते मात्र दर वर्षी थोडं वाढत गेलं. मी तिथून बदलून जाईपर्यंत साहेब शेवग्याच्या पाल्याबद्दलही बोलू लागले होते.

तर हा असा माणूस एका सकाळी मला घेऊन तलावाच्या पाळीवर फिरायला गेला आणि तिथे त्याला कवडू सापडला.

कवडू ढीवर. मासे धरण्यापेक्षा जाळी विणण्यात त्याचा हात जास्त चालायचा. फेकायच्या जाळ्याच्या कडेला वजनासाठी शिशाचे मणी बसवतात. मण्याला चीर असते. चिरेत दोरी घालायची आणि मणी दाबून बंद करायचा. कवडू तो दातानं दाबायचा. दिवसभर. तोंडात मणी, पायाच्या अंगठ्याला ताणलेली दोरी, कट्, पुढचा मणी. लांबलांबच्या गावांहून लोक त्याची जाळी न्यायला येत, कारण त्याच्या जाळ्याचा एक मणी कधी गळून पडत नसे.

कंपाउंडरनं चिमटीत ओठ धरला आणि तलावभर ऐकू जाईल असा ओरडला, "हाये! हाये! रेघ हाये!" पलीकडे मासळी साफ करत बसलेली कवडूची बायको भागरता धावत आली. नवऱ्याला काहीतरी बक्षीस लागलं असं तिला वाटलं असावं.

"पोटात कळा येते का रे?" कंपाउंडरनं विचारलं.

"येते."

"लेकरू?"

कवडूनं पुढचा मणी तोंडात टाकला. भागरता खाली पाहू लागली.

"पक्कड काऊन नाई वापरत?"

"पक्कडीनं दोरी तुटते, भाऊ. किती दाबाव ते दाताले समजते."

"दाताले समजते, पण आतल्या गंजाचं कोणाले समजते?" असं म्हणून त्यानं पाळीवरच प्रवचन सुरू केलं. मी इकडेतिकडे पाहत उभा राहिलो. माझ्या शाळेचे दोन पालक तिथे आंघोळ करत होते.

पुढचं भागरतानं सांगितलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. जातीच्या पंचांनी कवडूसाठी दुसरी मुलगी पाहून ठेवली होती. भागरतानं धानोऱ्याकडे भावाच्या घरी जायचं, असं ठरत आलं होतं. दोन बायका करण्याविरुद्ध कायदा होणार, झाला, अशी चर्चा तेव्हा वर्तमानपत्रात असायची. पण वर्तमानपत्र आमच्या शाळेत यायचं, ढीवर मोहल्ल्यात नाही. आणि भावाच्या घरी खाणारी तोंडं आधीच पुष्कळ होती. तिथे तिची जागा कुठली असणार, हे तिला न सांगताही दिसत होतं. ती कंपाउंडरकडे सरळ बघत म्हणाली, "भाऊ, तुमच्या आवळ्यानं माह्यं घर राह्यते का? तेवढं सांगा. बाकी मले काई समजत नाई."

मला वाटलं, आता लोटा निघणार. पण तो हळूच म्हणाला, "राह्यन." बस, इतकंच. त्याच्या तोंडून एवढं आखूड वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

पंचांनी पोळ्यापर्यंत मुदत दिली. औषधोपचारावर विश्वास होता म्हणून नाही. मुलीच्या बापालाही धानाची रोवणी उरकायची होती.

मग सुरू झालं. कंपाउंडर रोज सकाळी टोपली घेऊन ढीवर मोहल्ल्यात जायचा. वाळलेले आवळे, पेरू, अंबाडीची भाजी, शेवग्याचा पाला, सगळं कवडूसमोर ठेवायचा आणि खाऊन होईपर्यंत बसायचा. पकडीच्या दाढांना चिंध्या गुंडाळून त्यानं दोरी तुटणार नाही अशी सोय केली. पहिले काही दिवस कवडूनं शिव्या घालत काम केलं. एक जाळं बिघडलं, तेही त्यानं कंपाउंडरच्या नावावर टाकलं. पण मणी दातानं दाबायचं सुटलं. गावाला मात्र पर्वणीच मिळाली. आंबट खायचे डोहाळे बाईला लागतात हे सगळ्यांना माहीत. इथे नवराच पहाटेपासून आंबट खात बसलेला. तो बाजारात दिसला की कोणीतरी हाक मारायचं, "काय गा कवडू, कितवा महिना?" दुसरा म्हणायचा, "चोळी-बांगडी आणाव लागन का?" कवडू मान खाली घालून जायचा. एका दिवशी त्यानं टोपली लाथाडली आणि म्हणाला, "भाऊ, मी मरद मानूस हाये. उद्यापासून येऊ नोका." दुसऱ्या दिवशी कंपाउंडर पुन्हा टोपली घेऊन बसलेला होता. त्याला ऐकू न येण्याची कला साधलेली होतीच.

पोळा जवळ आला तोवर कवडूच्या पोटातल्या कळा थांबल्या होत्या. हिरडीवरची रेघ फिकी पडली होती, हे कंपाउंडर ओठ उचलून मोहल्ल्यातल्या प्रत्येकाला दाखवत होता. कवडूचा चेहराही उजळला होता, हे मला दिसत होतं. पण पंचांना चेहरा नको होता. लेकरू हवं होतं, आणि त्याचं काही चिन्ह नव्हतं.

पोळ्यानंतर पारावर पंच बसले. मुलीचा बापही आला होता. कंपाउंडरनं मला सोबत ओढलं. "तुमी शिकलेले, तुमी चला. तुमचं ऐकतीन." माझं वर्गातली मुलं ऐकत नव्हती, पण गेलो. त्याच्या एका हातात लोटा, दुसऱ्या हातात चिंच. भागरता बायांच्या मागे, झाडाला टेकून बसली होती. तिचं गाठोडं बांधून तयार होतं.

"भाऊ, पोळा झाला," मुख्य पंच म्हणाला. "लेकरू कुठी हाये?"

लोक हसले. कंपाउंडरनं लोटा वर धरला. "गंज उतराले वेळ लागते. अजून एक वर्स द्या."

"बारा वर्स दिले आमी तिले."

"तिले काऊन? याले द्या. याच्यात..."

पुन्हा हशा. कोणीतरी कवडूला महिना विचारला. कंपाउंडर बोलत राहिला. हिरड्या, पारा, साहेब, सगळं काढलं. त्याचा आवाज चिरकला. मी त्याला बाजारात शंभर वेळा हेच बोलताना ऐकलं होतं, पण त्या दिवशी तो अक्षरशः भीक मागत होता. कोणी ऐकत नव्हतं. मुख्य पंचानं हात वर केला आणि मुलीच्या बापाकडे वळला.

तेवढ्यात कवडू उठला.

"मले बोलाचं हाये," तो म्हणाला. "माह्या पोटातल्या कळा गेल्या. म्हणजे शिसं माह्या पोटात होतं. भागरतानं कधी मणी चावला नाई. मंग खोट कोनात हाये? माह्यात हाये. जाळं माह्यं फाटलं असन त मी तलाव काऊन बदलू? या मानसाची पोरगी आणीन, तिलेबी नाई होनार. मंग तिलेबी वांझ म्हणान. मले नाई पायजे."

पारावर कोणी हसलं नाही. मोहल्ल्यातल्या एकाही पुरुषानं याआधी असं वाक्य उच्चारलेलं नव्हतं. ते कसं घ्यायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मुलीचा बाप सगळ्यांच्या आधी उठला. त्याला बहुधा सुटल्यासारखं वाटलं असावं. मुख्य पंचानं तंबाखू मळायला घेतली. मागे भागरता गाठोडं सोडत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम. मलाही रडू आलं, ते मी लपवलं नाही.

मला वाटलं, आता कंपाउंडर नाचेल. वर्षानुवर्षं जे तो गावाला सांगत होता, ते एका माणसानं भर पंचायतीत स्वतःच्या तोंडानं मान्य केलं होतं. मी वळून पाहिलं तर तो नव्हताच. लोटा पारावर तसाच पडला होता.

घरी आलो तर तो मागच्या अंगणात भिंतीकडे तोंड करून बसलेला. जेवायला बोलावलं तर उठला नाही. मी बाईंना विचारलं, "भाऊंना बरं नाही का?"

बाई चुलीपुढे बसल्या होत्या. फुंकणी बाजूला ठेवून म्हणाल्या, "माह्या आंधीची हाये एक. यायची पयली बायको. अजून जित्ती हाये. ब्रह्मपुरीजवळ, भावाच्या घरी."

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"लेकरू होत नाई म्हणून यायनंच घालवली. मंग मले आणली. मले तरी कुठी झालं? मंग त्या साहेबानं यायले सांगतलं का खोट तुह्यात हाये म्हणून."

"तिला सांगितलं का हे?"

बाई हसल्या, पण ते हसू चांगलं नव्हतं. "मले सांगतलं. तुमाले सांगतलं. बाजारातल्या बैलवाल्यायले सांगतलं, मारुतीच्या पुजाऱ्याले सांगतलं. तिले नाई."

मला त्याचा भयंकर राग आला. इतके दिवस मी ज्याला विक्षिप्त समजून हसत होतो, तो एक भेकड माणूस होता. एका बाईला जे सांगायचं ते टाळण्यासाठी त्यानं सगळा तालुका पिंजून काढला होता. त्या रात्री मी बायकोलाही हे सांगितलं नाही. तिला तो आवडायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या छोट्या रेल्वेगाडीनं तो ब्रह्मपुरीला गेला. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी आणि पिशवीत वाळलेले आवळे. इतक्या वर्षांनी बायकोकडे जाताना काय न्यावं, हे त्याला दुसरं सुचलं नसावं. संध्याकाळच्या गाडीनं परतला. बाईंनी पाणी दिलं आणि काही विचारलं नाही. तो माझ्या दारात येऊन बसला. सवयीप्रमाणे मी तोंड उघडून तयार होतो, पण पिशवी रिकामी होती.

"भेटल्या का?" मी विचारलं. खरं तर बोलायचं नव्हतं, तरी विचारलं.

"धान कांडून राह्यली होती. मले ओळखलं. बस म्हणली नाई. मी उभ्या उभ्याच सांगतलं, खोट माह्यात होती, तुह्यात नाई. ती म्हणे, मले काऊन सांगता? मले माहीतच होतं. गावाले सांगा."

"मग?"

"मंग गेलो पारावर. चार म्हातारे बसले होते बिड्या फुकत. मी हात जोडून म्हणलं, तुमच्या गावची पोरगी, तिच्यात काई दोष नव्हता, दोष माह्यात होता." त्यानं रिकामी पिशवी गुडघ्यावर ठेवून तिची घडी घातली. "ते म्हणे, कोणती पोरगी? मी तिच्या बापाचं नाव सांगतलं. ध्यानात येईना. भावाचं सांगतलं. मंग तिचं नाव सांगतलं, दोन डाव सांगतलं. ते नाव कोनाले माहीतच नाई. शेवटी त्यातला एक म्हणे, 'थे वांझ का? मंग असं सांग ना गा.'"

आत बाईंच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

"मले हो म्हणाव लागलं, मास्तर," तो म्हणाला. "नाई त मी कोनाबद्दल बोलून राह्यलो ते त्यायले समजलंच नसतं."